जुन्या टर्बो गाडीसाठी योग्य इंजिन ऑइल शोधताना गेलेले सहा महिने

माझी गाडी २००४ सालची, १.८ लिटर पेट्रोल टर्बो इंजिनाची आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा. ती माझ्याकडे आली तेव्हा १,६२,००० किलोमीटर चालून झाली होती आणि सोबत मॅन्युअल नव्हते. घेतल्या घेतल्या मी गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतले. बाटलीवर १०डब्ल्यू-४० हा जाडपणाचा ग्रेड लिहिला होता, आणि त्यापलीकडे पाहायचे असते हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

९ फेब्रुवारीला डिपस्टिक पुसून पाहिली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही थोडे खाली होते. आधीच्या महिन्यात मी ते स्वतः वरच्या खुणेपर्यंत भरले होते आणि मधल्या काळात गाडी जेमतेम १,८०० किलोमीटर चालली होती. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमधले अंतर साधारण एका लिटरचे असते, म्हणजे दर हजार किलोमीटरमागे अर्ध्या लिटरहून अधिक ऑइल जात होते. गाडीखाली थेंब नव्हता. मात्र बराच वेळ जागेवर चालू ठेवून नंतर वेग घेतला की मागे निळसर धूर दिसायचा. त्याच आठवड्यात मी तीन ठिकाणी विचारले. पहिल्याने २०डब्ल्यू-५० टाकायला सांगितले, कारण जाड ऑइल कमी जळते. दुसऱ्याने कोणतेही ‘फुल सिंथेटिक’ चालेल असे सांगितले. तिसऱ्याने टर्बो काढून रिकंडिशन करण्याचा अंदाज लिहून दिला, आणि ती रक्कम वाचून मला रात्री झोप लागली नाही.

टर्बो खरोखर गेला आहे की चुकीच्या ऑइलामुळे जायच्या वाटेवर आहे, हे आधी कळायला हवे होते. म्हणून मी सुरुवात मॅन्युअलपासून केली. १३ फेब्रुवारीला निर्मात्याच्या ग्राहक कक्षाला पत्र लिहिले. सोबत चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणी पुस्तकाची प्रत जोडली. चार दिवसांनी आलेल्या उत्तरात ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा’ एवढेच होते. मी पुन्हा लिहिले, आणि या वेळी प्रश्न नेमका विचारला: या इंजिन क्रमांकासाठी छापलेल्या मॅन्युअलमधील ऑइलविषयीचे पान आणि ऑइल प्रेशरची किमान मर्यादा मिळेल का? त्यावर अकरा दिवसांनी दोन पाने आली. जुन्या गाडीबद्दल विचारताना मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येते, म्हणून पान, क्रमांक आणि मर्यादा असे शब्द वापरून विचारावे, हा मला मिळालेला पहिला धडा.

त्या पानावर तीनच गोष्टी होत्या: तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडची पट्टी, निर्मात्याचा स्वतःचा मंजुरी क्रमांक आणि ‘एसीईए ए३’ हा, युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेला दर्जा. ग्रेडच्या पट्टीत ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० हे तिन्ही होते. २०डब्ल्यू-५० कुठेच नव्हते.

इथून पुढचे दोन आठवडे मी हे आकडे समजून घेण्यात घालवले, आणि ते वाया गेले नाहीत. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनातल्या वागणुकीचा आहे. ५डब्ल्यू ऑइल उणे ३५ अंशांपर्यंत पंपाने ओढता यावे लागते, १०डब्ल्यू उणे ३० पर्यंत आणि २०डब्ल्यू केवळ उणे २० पर्यंत. इतकी थंडी वाट्याला येत नसली तरी सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर ऑइल चेंबरमधून (इंजिनाच्या तळाच्या ऑइल साठवणाऱ्या भागातून) निघून टर्बोच्या बेअरिंगपर्यंत किती लवकर पोहोचते, याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि साध्या टर्बोमध्ये तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर उशिरा आला तर धातूवर धातू घासतो. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या जाडपणाचा आहे. तो सेंटिस्टोक या एककात देतात. ३० ग्रेडचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या आत, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ च्या आत आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ च्या आत असावे लागते.

टर्बोच्या दृष्टीने कळीचा आकडा मात्र बाटलीच्या पुढच्या बाजूला छापलेलाच नसतो. त्याला ‘एचटीएचएस’ म्हणतात. १५० अंशांना, जोरात घासले जात असताना ऑइल किती जाड राहते, त्याचे हे माप मिलिपास्कल-सेकंदात देतात. एसीईए ए३/बी४ दर्जाला (यात ए पेट्रोल इंजिनासाठी, बी हलक्या डिझेल इंजिनासाठी) ते किमान ३.५ लागते, तर इंधन वाचवण्यासाठी बनवलेल्या ए५/बी५ दर्जात ते २.९ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. दोन बाटल्यांवर ५डब्ल्यू-३० हाच ग्रेड असूनही एक ऑइल माझ्या गाडीला चालणारे आणि दुसरे न चालणारे असू शकते, ते यामुळे. ग्रेड पाहून ऑइल उचलणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी असे मला मनापासून वाटते, कारण नव्या गाड्यांसाठी पातळ ऑइलांची रेलचेल झाल्यापासून ही चूक फार सहज होते.

‘सी३’ दर्जाचाही मी विचार केला. त्यातही एचटीएचएस किमान ३.५ असते, पण ते ऑइल धुराच्या नळीत पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांना जपण्यासाठी कमी राखेचे बनवतात. त्याचा टीबीएन, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, किमान ६ असली तरी चालते. ए३/बी४ ला ती किमान १० लागते. माझ्या गाडीला असा फिल्टर नाही आणि तिच्या इंजिनात जुना मळ साठलेला असण्याची शक्यता होती, म्हणून मी ए३/बी४ वर ठाम राहिले. ‘एपीआय’ या अमेरिकी संस्थेच्या दर्जाच्या अक्षरांबाबत काळजी कमी आहे: एसएल हा दर्जा २००१ चा, एसपी २०२० चा, आणि पेट्रोल गाड्यांत नवा दर्जा जुन्याची जागा घेऊ शकतो. मात्र नुसते एसपी लिहिलेले असणे म्हणजे एचटीएचएस ३.५ असण्याची हमी नव्हे.

‘फुल सिंथेटिक’ या शब्दांवर मी फारसे वजन टाकले नाही. खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून काढलेले तिसऱ्या गटाचे तेलही अनेक देशांत सिंथेटिक म्हणून विकता येते, आणि त्यातली कित्येक ऑइले उत्तम असतात. त्यामुळे त्या शब्दापेक्षा मंजुरी क्रमांकातून जास्त कळते.

मंजुरीचा प्रकार मात्र नीट पाहावा लागतो. बाटलीच्या मागे ‘अप्रूव्हल’ असे लिहिलेले असेल, तर निर्मात्याने ते ऑइल स्वतःच्या चाचण्यांतून पार करून लेखी पत्र दिलेले असते. ‘मीट्स रिक्वायरमेंट्स’ किंवा ‘सुटेबल फॉर’ असे असेल, तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. बारीक अक्षरांत छापलेला हा फरक भिंग लावून वाचण्यासारखा आहे. ३ मार्चला मी तीन उत्पादकांना उत्पादनाचे पूर्ण नाव लिहून मंजुरीपत्राची प्रत आणि तांत्रिक माहितीपत्रक मागितले. एकाने चौथ्या दिवशी दोन्ही पाठवले. पत्रावर मंजुरीची मुदतही होती. दुसऱ्याने ‘आमचे ऑइल या गाड्यांना योग्य आहे’ असे कळवले, पत्र पाठवले नाही. तिसऱ्याचे उत्तर आलेच नाही. पहिल्याच्या माहितीपत्रकात ५डब्ल्यू-४०, ए३/बी४, १०० अंशांना १४ सेंटिस्टोक आणि एचटीएचएस ३.७ असे आकडे होते. शिवाय नोअॅक चाचणीत, म्हणजे २५० अंशांना एक तास तापवल्यावर, ऑइल ९ टक्के उडत होते; ए३/बी४ ची कमाल मर्यादा १३ टक्के आहे. ऑइल खाणाऱ्या गाडीसाठी हा शेवटचा आकडा मला महत्त्वाचा वाटला. कागदावर निवड झाली होती.

तरीही मी लगेच ऑइल बदलले नाही. ज्यांच्याकडे मी आता गाडी नेते ते मिस्त्रीकाका वयस्कर आहेत आणि बोलतात कमी. मी कागद पुढे ठेवल्यावर ते म्हणाले, “ताई, नवीन ऑइल टाकाल, पण जुनं कशामुळे गेलं ते बघितलंत का? ते बघितल्याशिवाय नवीन टाकलं तर तेही जाईल.” या एका प्रश्नासाठी मी त्यांची ऋणी आहे. त्यांच्याच सांगण्यावरून १४ मार्चला चालू ऑइलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला.

नमुना काढणे अवघड नाही. इंजिन चांगले गरम करून, बंद केल्यावर दहा मिनिटांच्या आत, डिपस्टिकच्या नळीतून स्वच्छ प्लास्टिकची नळी आत सोडून पिचकारीने शंभर मिलिलिटर ऑइल ओढले. नळी चेंबरच्या तळाला टेकू द्यायची नाही, नाहीतर तळचा गाळ येतो. सोबतचा अर्ज मात्र काळजीपूर्वक भरावा लागला: इंजिनाचे एकूण किलोमीटर, या ऑइलावर झालेले किलोमीटर, ऑइलाचा ग्रेड आणि मधे किती टॉप-अप केले त्याची नोंद. टॉप-अपची नोंद टाळली तर निकाल फसवा निघतो, कारण ताजे ऑइल जुन्याचा दोष झाकते. मी एक लिटर लिहिले. तपासणीचा खर्च एका ऑइल चेंजच्या साधारण एक तृतीयांश आला.

निकाल २५ मार्चला आला. १०० अंशांना जाडपणा १०.४ सेंटिस्टोक होता. बाटलीवर ४० लिहिलेले ऑइल, एक लिटर ताजे मिसळूनही, इंजिनात ३० ग्रेडच्या मध्यावर येऊन बसले होते. त्याचे कारण खालच्या ओळीत होते: ऑइलात पेट्रोल सुमारे ४ टक्के. सिलिकॉनही जास्त होते, म्हणजे धूळ आत जात होती. कागद हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. मी २०डब्ल्यू-५० टाकले असते तर धूर काही दिवस कमी झाला असता, पेट्रोल मिसळत राहिले असते, आणि मला वाटले असते की गाडी सुधारली.

पेट्रोल ऑइलात का जात होते, हे मिस्त्रीकाकांनी अर्ध्या तासात शोधले. तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत कधीच जात नव्हता आणि मी ते चांगले लक्षण समजत होते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडा अडकला होता. इंजिन पुरेसे तापतच नव्हते, त्यामुळे त्याला सतत जास्त पेट्रोल मिळत होते, आणि माझ्या रोजच्या बहुतेक फेऱ्या सहा-सात किलोमीटरच्या असल्याने ऑइलात उतरलेले पेट्रोल उडून जायला वेळही मिळत नव्हता. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटलेली होती. धूळ तिथून शिरत होती. इंजिनाच्या ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, व्हॉल्व्ह मळाने चिकटला होता. ब्रीदर बंद झाला की चेंबरमध्ये दाब साठतो, टर्बोतून उताराने परत येणारे ऑइल तुंबते आणि सीलमधून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, किंवा धुराच्या नळीत जाते. टर्बो धडधाकट असूनही तो गेल्यासारखा दिसतो, तो असा.

५ एप्रिलला कामाला हात लावला. टर्बोला ऑइल पोहोचवणारी बारीक नळी मी काढायलाच लावली. तिचा पोकळ बोल्ट मिस्त्रीकाकांनी माझ्या तळहातावर ठेवला. बोल्टच्या आडव्या भोकांतून एरवी आरपार दिसायला हवे. माझ्या बोल्टच्या एका भोकात काळा, काचेसारखा कडक थर चढला होता आणि जेमतेम टाचणी जाईल एवढी वाट उरली होती. नखाने तो निघेना, टोकाने खरवडल्यावर त्याचे कोळशासारखे कण पडले. ते टर्बोत जळलेले ऑइल होते. जोरात पळवलेली गाडी थांबल्या थांबल्या बंद केली की ऑइलाचा प्रवाह थांबतो, आणि पूर्ण भाराखाली ९०० अंशांच्या पुढे जाणाऱ्या धुराने तापलेल्या टर्बाइनची (टर्बोच्या धुराकडच्या पंख्याची) उष्णता बेअरिंगमध्ये आणि नळीत अडकलेल्या ऑइलाला भाजते. वर्षानुवर्षे असे होत गेले की कार्बन धरतो. नळी आणि बोल्ट नवेच घातले. आत साफ झाले की नाही हे दिसत नाही, त्यामुळे जुनी नळी धुऊन बसवण्यात अर्थ नव्हता.

शाफ्ट बोटाने फिरवून पाहिला. तो मोकळा फिरत होता. आडवा हलकासा खेळ होता, तो अशा बेअरिंगमध्ये असतोच. मागे-पुढे खेळ जाणवला नाही आणि पंखे बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा नव्हत्या. टर्बो वाचला होता. थर्मोस्टॅट, ब्रीदर व्हॉल्व्ह, नळी, बोल्ट, क्लिप आणि मजुरी मिळून खर्च टर्बो रिकंडिशनच्या अंदाजाच्या एक षष्ठांशाहून कमी झाला.

इंजिन फ्लश घालायचा का, यावर आमची चर्चा झाली. ऑइल भरायच्या झाकणाखाली काळा चिकट थर होता. जोरकस रसायनाने असा मळ एकदम सुटला तर तो पंपाच्या जाळीत अडकून ऑइलच बंद पडण्याचा धोका असतो. त्याऐवजी चांगल्या ऑइलाला हळूहळू साफ करू द्यायचे आणि पहिले दोन बदल लवकर करायचे असे ठरले. चेंबर उतरवून जाळी पाहिली, पुसून परत बसवली.

६ एप्रिलला नवे ५डब्ल्यू-४० भरले. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घेतला. फिल्टर आत ऑइल परत वाहू न देणारा व्हॉल्व्ह असलेला, मूळ क्रमांकाचाच निवडला, कारण तो व्हॉल्व्ह ढिला असेल तर रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी टर्बो तेवढा वेळ कोरडा राहतो. टर्बोच्या तोंडात थोडे ताजे ऑइल ओतले, मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारत राहिलो. ऑइलाचा दिवा विझायला तीन प्रयत्न लागले आणि त्या प्रत्येक प्रयत्नात माझा श्वास अडकला होता. दिवा विझल्यावरच फ्यूज परत लावला.

इंजिन गरम झाल्यावर दिव्याच्या सेन्सरच्या जागी साधा मीटर जोडून ऑइल प्रेशर मोजले. मला मिळालेल्या पानावर ८० अंशांना आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांना किमान २ बार लिहिले होते. माझ्या गाडीत २.९ भरले. हे मोजमाप दहा मिनिटांचे आहे. जुन्या इंजिनाला जाड ऑइल हवे का, या प्रश्नावर मते विचारत बसण्याआधी ते करून घ्यावे. प्रेशर मर्यादेत असेल तर पट्टीबाहेरच्या जाड ऑइलाची गरज नसते, आणि मर्यादेखाली असेल तर पंप किंवा बेअरिंग तपासावे लागते.

पहिला बदल २,००० किलोमीटरनंतर, १० मे रोजी केला. ऑइल अपेक्षेहून काळे निघाले. फिल्टर कापून घडी उलगडली, तेव्हा त्यात मळाचे बारीक कण होते, पण चकाकणारा धातू नव्हता. मी प्रत्येक घडी उजेडात धरून पाहिली. पुढचे भरलेले ऑइल ४,००० किलोमीटर चालवले आणि जुलैच्या मध्यावर दुसरा नमुना पाठवला. २९ जुलैच्या निकालात जाडपणा १३.१ सेंटिस्टोक होता, पेट्रोल एका टक्क्याच्या आत आले होते आणि सिलिकॉन निम्म्याहून खाली उतरले होते.

ऑइल आता हजार किलोमीटरमागे दीडशे मिलिलिटरच्या आसपास जाते. वेग घेतानाचा निळा धूर थांबला. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या क्षणी एक छोटा निळा भपका अजून येतो. तो व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमुळे आहे आणि कोणत्याही ऑइलाने जाणार नाही, असे मिस्त्रीकाकांनी स्पष्ट सांगितले. ते काम पुढच्या वर्षी करायचे आहे.

दर ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदलायचे मी ठरवले आहे. मुक्कामाच्या आधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी सावकाश चालवते आणि बंद करण्यापूर्वी एक मिनिट जागेवर चालू ठेवते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवते, म्हणजे ऑइलातले पेट्रोल आणि ओल उडून जाते. दर रविवारी सकाळी, गाडी सपाटीवर उभी असताना, डिपस्टिक पाहून आकडा वहीत लिहिते. बाटलीचा बॅच क्रमांकही तिथेच टिपते, कारण एकच नाव ठेवून आतली घडण आणि मंजुरी बदललेली ऑइले असतात. नवी बाटली घेताना मागची ओळ पुन्हा वाचते. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता, झाकणाच्या कॅनमध्ये भरून पुनर्प्रक्रियेसाठी देते. तो पोकळ बोल्ट मी टाकलेला नाही, वहीच्या खणात ठेवला आहे.